गुरुवारी सकाळी दहाचा अपडेट

माझी वहिनी म्हणजे काय चीज आहे, हे एकदा सांगायचंच होतं. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मशीनजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग बघायचं, मशीनला प्रोग्राम पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पण विकतच्या ऑपरेटिंग सिस्टिमखाली तो नुसता कण्हायचा. वहिनीने आयटीतली नोकरी सोडली आणि पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये बसून एक ओपन सोर्स सिस्टिम हातात घेतली. ओपन सोर्स म्हणजे कुणीही घ्यावी, बदलावी, पुढे वाटावी. परदेशातले चार-पाच हौशी लोक ती सांभाळतात. वहिनीने तिच्यात मराठी मेनू घातला, वर्कशॉपला नको ते काढून टाकलं आणि आपली वेगळी आवृत्ती केली. बघता बघता ती भोसरीपासून महाळुंग्यापर्यंतच्या वर्कशॉपांत पोचली. आपली तर कॉलर ताठ, राव!

मग घोळ झाला. आमच्याकडे वीकली ऑफ गुरुवारी. मशीन बंद, नुसती साफसफाई, म्हणून वहिनीने अपडेटची वेळ ठरवली गुरुवारी सकाळी दहा. सगळ्यांची तीच. अपडेट मात्र यायचे मूळवाल्यांच्या सर्व्हरवरून. दर गुरुवारी आमचे सगळे कॉम्प्युटर एकदम त्यांच्या दारात, आणि फाइल मिळाली नाही की लगेच पुन्हा मागायचे. त्यांचा सर्व्हर आडवा, जगभरातले बाकीचे लोक ताटकळत.

त्यांच्या मुख्य माणसाचा मेल आला. आमचंच घेऊन वेगळी चूल मांडता, वर तुमच्या लोकांच्या तक्रारी आमच्याकडे, आता सर्व्हरही पाडलात. आजपासून तुम्हाला बंदी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अपडेट थांबले की शॉपवाले विकतच्या सिस्टिमकडे परत जाणार आणि वहिनीची सगळी मेहनत पाण्यात. "वहिनी, चांगला झापा त्याला!"

"त्याचं बरोबर आहे, भावजी. चूक माझी आहे," म्हणाली आणि सरळ दुरुस्तीला बसली. प्रत्येक कॉम्प्युटरने आपापली वेळ निवडावी, फाइल मिळाली नाही तर जरा दम खाऊन मागावी, असा बदल केला. त्यांच्याकडून फाइल एकदाच घेऊन सगळ्यांना वाटायला भोसरीतच स्वतःचा सर्व्हर लावला. माफी मागून तो बदल मूळवाल्यांनाही पाठवला. त्या माणसाने खोट काढली, हिने सुधारली. त्याने परत काढली, हिने परत सुधारली. मी केव्हाच तोंड वाजवलं असतं.

शेवटी त्याने बंदी उठवली. वर लिहिलं, तुमचा मराठी मेनू, वर्कशॉपचं सगळं काम आम्ही मूळ सिस्टिममध्येच घेतो, तुम्हीही आमच्यात या; पण मग वेगळी आवृत्ती बंद करा. वहिनीने बरेच दिवस घेतले. मग हो म्हणाली. मी भांडलो तिच्याशी.

"आपलं पोर दुसऱ्याच्या पदरात का घालताय?"

"उद्या मी आजारी पडले तर शॉपवाल्यांनी कुणाकडे बघायचं, भावजी? तिथे सांभाळायला माणसं आहेत."

कप्पाळ! म्हटलं, करा मग सुरुवात माझ्यापासून.

मूळ सिस्टिमवर नेणारा अपडेट पहिला माझ्याच शॉपमध्ये घातला. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. मराठी मेनू जिथल्या तिथे. फक्त तिच्या आवृत्तीचं नाव दिसायचं तिथे आता मूळ सिस्टिमचं होतं. तेवढ्यात तिचाच फोन.

"सगळं चाललंय का, भावजी?"

"हो. पहिल्यासारखंच."

"आणि नाव?"

"गेलं."

ती नाक ओढत म्हणाली, "चाललंय ना पण? मग बास."