थिजलेल्या तेलाची बोट

अमानी रोतुआ, म्हणजे रोतुआचा बाप, घरोघरचं जळकं तेल गोळा करून त्यातच मासे तळून बाजारात विकतो, अशी आवई तळ्याकाठच्या आमच्या ओनानरुंगूत उठली होती. उठवणाऱ्यांत आमचंही घर आघाडीवर होतं, नाही कशाला म्हणा! खरी गोष्ट इतकीच, की ते तेल तो बोटीच्या इंजिनाला पाजत होता.

डिझेल महाग झालं, म्हणून बोटीचे मालक म्हातारे ओम्पु लाम्बोक, म्हणजे लाम्बोकचे आजोबा, त्याला म्हणाले होते, "शुक्रवारच्या बाजाराला बोट या तेलावर तळ्यापलीकडे बालिगेला पोचव. नाही पोचली, तर शनिवारपासून इंजिनावर माझा जावई."

गुरुवारी दुपारी भर उन्हात त्याने बोट तळ्यावर फिरवून आणली. इंजिन कसं ठणठणीत! अमानी घरी जाऊन पोटभर जेवला.

शुक्रवारी पहाटे थंडी मी म्हणत होती. कांद्याच्या पोत्यांवर बायका बसल्या. डिझेलवर इंजिन सुरू करून त्याने नळी तेलाच्या पिंपाकडे वळवली, आणि तळ्याच्या मधोमध इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.

अमानी खाली इंजिनापाशी उतरला. तेच इंजिन, तेच पिंप, तेच तेल. काल पळालं, आज का नाही? पंप बघितला, नळ्या ठोकल्या. मग गाळणी उघडली, तर आत पांढरा लगदा. साबण? चुना? कोणी मुद्दाम टाकलं? त्याने बोटावर घेऊन चाटून बघितलं आणि जास्तच गोंधळला.

वरून, पोत्यांवर बसलेली नाई तिउर्मा, म्हणजे तिउर्माची आई, ओरडली, "अमांग, बाबा रे, बाजार आज आहे की पुढच्या शुक्रवारी?"

"इनांग, माउली, हे बघ गं काय ते."

ती वाकली, हसली. "अरे, ही तर चरबी! डुक्कर तळते मी, त्याच कढईतलं तेल तू नेलंस. पहाटे माझ्याही कढईत असंच थिजतं. चुलीवर ठेवलं की पातळ होतं."

"मग काल दुपारी कसं चाललं?"

"ते तुझ्या इंजिनाला विचार! मी काय त्याची मावशी आहे?"

बायकांनी कॉफीचे थर्मास पुढे केले, शिव्यांसकट. अमानीने गाळणी धुतली आणि गरम कॉफीत भिजवलेल्या चिंध्या नळीला गुंडाळल्या. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. मग त्याने पिंपच ओढून तापलेल्या धुराड्याला चिकटवून ठेवलं. धुराड्याच्या उबेने भागतंय की कॉफीने, हे मात्र त्याला बालिगे येईपर्यंत उमगलं नाही.

धक्क्यावर ओम्पु लाम्बोक उभे होते, शेजारी जावई, बगलेत पिशवी.

"दीड तास उशीर! उद्यापासून इंजिनावर याला बसू देऊ?"

अमानीने तेलकट हात पँटला पुसले.

"बसू द्या, ओम्पुंग. का बंद पडतं ते मला कळलंय, का चालतं ते अजून नाही. त्याला तर दोन्ही शोधावं लागेल."