एक नंबरच्या झाडाची हजेरी

"एप्रिलात यवतमाळला? डोकं फिरलंय का तुमचं, वन्सं?" साताऱ्याच्या स्टँडवर पाण्याची तिसरी बाटली माझ्या पिशवीत कोंबताना भावजय म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. पण तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, विदर्भाचं तापमान फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलं, आणि स्वतः त्या दिशेला कधी पाऊल टाकलं नाही. निवृत्त झाल्यावर हे टोचायला लागलं. त्यातच यवतमाळला राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण कुसुम फोनवर म्हणाली, "इथं सावळखेडमध्ये ग्रामपंचायत आणि बायकांचा बचत गट मिळून हवामान बदलाचं काम करतात. या उन्हाळ्यात झाडांची हजेरी घेणार आहेत. तू जन्मभर हजेऱ्याच घेतल्यास, ये बघायला." झाडांची हजेरी म्हटल्यावर कोणती मास्तरीण घरी बसेल?

यवतमाळला कुसुमनं तर्री-पोहे खायला घातले. ते तिखट असतात हे तिनं मला खाऊन झाल्यावर सांगितलं. डोळे पुसतच मी दिग्रसची एसटी पकडली. खिडकीबाहेर सागाच्या टेकड्या पानं झडून उघड्या पडल्या होत्या. शेतांत पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उपटून ढीग घातलेले. खिडकी उघडली तर तव्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येई, बंद केली तर जीव घुसमटे. शेवटी मी दर पाच मिनिटांनी ती उघडत-मिटत बसले, तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "खिडकी बिघडली का तुमची, बाई?" बिघडले मीच होते, पण तसं सांगितलं नाही.

दिग्रसला बाजाराजवळच्या विजेच्या तारांवर कापसाचे पुंजके अडकून लोंबत होते. तिथून ऑटोनं अर्ध्या तासात सावळखेड. गावाच्या तोंडाशीच एक भलामोठा फलक उभा होता: 'हवामान बदल कृती समिती, सावळखेड. सावली वाढवा, गाव वाचवा.' फलकाच्या मागं, त्याच्याच सावलीत, सात माणसं आणि चार बकऱ्या ओळीनं बसल्या होत्या. ऊन सरकलं की सगळी रांग वीतभर सरके. बकऱ्या आधी सरकत, माणसं नंतर.

"फलकानं तरी सावली देली ना बाप्पा," त्यांतला एक जण म्हणाला. "झाडं मोठी होईपर्यंत ह्यावरच काम भागवून राह्यलो."

मला घ्यायला कांताबाई आल्या. बचत गटाच्या अध्यक्ष, पन्नाशीच्या, उंच, आवाज शाळेच्या घंटेसारखा खणखणीत. त्यांनी आधी मला नाल्याकाठची रोपवाटिका दाखवली. हिरव्या जाळीखाली करंज, जांभूळ, निंब, चिंच, ओळीनं पिशव्या. अकरा बायका इथं काम करतात. पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही, म्हणाल्या. येतो तो सगळा एका दिवसात येतो, आणि मग महिना महिना फिरकत नाही.

"तुमी हजेरीले आल्या ते बरं झालं ताई. उद्याची हजेरी माह्या जिवावरच हाये."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पंचायत आणि गट यांनी मिळून ठराव केला होता. गटानं रोपं वाढवायची, पंचायतीनं नाल्याकाठची जागा आणि पाणी द्यायचं. गावात शंभर झाडं लावायची, प्रत्येकाला नंबर आणि एक पालक. दुसऱ्या उन्हाळ्यात मोजायची. सत्तर जगली तर जागा कायमची गटाची. एक जरी कमी पडलं तर त्याच जागेवर भजनी मंडळाचा सिमेंटचा सभामंडप. मोजायला येणार शेजारच्या टाकळीची पंचायत, कारण आपली झाडं आपणच मोजली तर कुणाचं मेलेलं निघणार?

"आणि मंडप झाला तर?" मी विचारलं.

"तर काय, आमी अकरा जणी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाऊ. पण रोपं कुठं नेऊ? त्याईले काय मजुरी जमते?" त्या हसल्या, पण पिशवीतलं गवत उपटणारी त्यांची बोटं थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर गाव जमलं. सरपंच देवीदासभाऊ पांढऱ्या शर्टात, गळ्यात रुमाल. आधी माझा सत्कार झाला. हार-शाल पर्यावरणाला वाईट म्हणून इथं रोप देतात. मला जांभळाचं रोप मिळालं आणि टाळ्या झाल्या. मग पाराशेजारच्या लोखंडी पिंजऱ्यातल्या निंबाजवळ सगळ्यांचे फोटो झाले. हे एक नंबरचं झाड. कुणा मोठ्या पाहुण्याच्या हस्ते लावलेलं, म्हणून याचं पालकत्व खुद्द पंचायतीकडं, आणि बकऱ्यांनी विटाळू नये म्हणून पिंजऱ्याला कुलूप. निंब कसा टवटवीत होता. माझ्या मनात आलं, मोठ्यांच्या हातात गुण असतो बाई.

टाकळीहून चार माणसं आली. त्यांचे म्होरके तिथले उपसरपंच, आणि ते निघाले सावळखेडचे जावई. झालं! जावई म्हटल्यावर आधी पाय धुवायला पाणी, मग पन्हं, मग टोपी. सासऱ्याच्या गल्लीतली झाडं मोजताना ते डोळे मिटूनच "हजर, हजर" म्हणत होते. एक कागद, एक पेन्सिल, आणि दर तीन झाडांमागं एक चहा.

कांताबाई नंबर पुकारायच्या, पालक उत्तर द्यायचा.

"सतरा!"

"हजर!"

"अठरा!"

"हजर, पण जरा आजारी हाये."

मी शांतपणे मागून चालत होते. बावीस नंबरला एक करंज पाहिला, त्याच्या शेंड्याच्या पानाला बकरीनं अर्धचंद्रासारखा चावा घेतलेला. पस्तीसला पुन्हा तसाच चावा. सत्तेचाळीसला तिसऱ्यांदा तोच अर्धचंद्र दिसला तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी मातीत बोट घातलं. पिशवीसकट पुरलेला! आणि पुढच्या गल्लीत, माझ्या डोळ्यांदेखत, टाकळीच्या पंचांपैकीच एक जण टोपलीखाली काहीतरी झाकून पळत होता.

"थांबा!" मी अशी ओरडले की दोन कुत्री उभी राहिली. "आठवी क मध्ये एक मुलगा तीन जणांची हजेरी लावायचा. त्याला मी पकडलं होतं. टोपली खाली ठेवा!"

टोपलीखाली करंज होता. जावयांनी घाम पुसला. "आता काय सांगू मॅडम, पुढच्या हप्त्यात हे लोक आमची झाडं मोजाले येणार. आमची त पन्नासही नाई जगली. म्हटलं, आपण मदत केली त तेही करतीन. सहकार्यच झालं ना हे."

मोजणारेच नक्कल करतात असा वर्ग मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. मला हसू येत होतं आणि रागही. पण कांताबाई हसल्या नाहीत.

"जावई हाये म्हणून जेवाले वाढीन," त्या म्हणाल्या, "पण पेन्सिल आणा इकडं."

पेन्सिल माझ्या हातात आली. बाहेरची, नि मास्तरीण, म्हणून मीच पंच. मंडळी जेवायला बसली: ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा), वर मठ्ठा. जावयांना तीनदा आग्रह झाला, त्यांनी तीनदा नाही म्हणत तीनदा घेतलं. आम्ही दोघी मात्र डोक्यावर ओला टॉवेल टाकून पुन्हा शून्यापासून निघालो.

त्या उन्हातली ती मोजणी मी जन्मात विसरणार नाही. कुणाच्या सांडपाण्यावर वाढलेली चिंच माझ्या डोक्याएवढी झाली होती. एका म्हातारीनं झाडाला स्वतःचं लुगडं पांघरलं होतं, "मले काय, मी घरात बसतो," म्हणाली. (इकडं बायकाही 'मी बसतो' म्हणतात. मला दोन दिवस सगळ्या बायका कुणा पुरुषाचा निरोप सांगताहेत असंच वाटत होतं.) काही खड्ड्यांत नुसती काडी. तिथं कांताबाई क्षणभर थांबत, काडी मोडून बघत, आणि स्वतःच म्हणत, "गैरहजर." मी फुली मारायची.

तीन वाजता पारावर परतलो. बेरीज केली. दोनदा केली. पिंजऱ्यातला एक नंबर सोडून एकोणसत्तर. एक नंबर धरून बरोबर सत्तर!

"सत्तर!" मी ओरडले. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. कुणीतरी डफडं आणलं. देवीदासभाऊंनीही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते तर्रीचं नव्हतं.

तेवढ्यात मी पिंजऱ्याकडं पाहिलं. सकाळचा टवटवीत निंब मान टाकून बसला होता. पानं अशी लोंबत होती जशी तोडलेल्या डहाळीची लोंबतात. मला कळलं. आणि खरं सांगते, मी पटकन नजर दुसरीकडं वळवली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नकला पकडणारी मी मनात म्हणत होते, अगं, कुणी बघू नका त्याच्याकडं, पाच मिनिटं, नुसती सही होऊ दे.

कांताबाई बघत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग नाचणाऱ्या आपल्या बायकांकडं. मग पिंजऱ्याजवळ जाऊन सळ्यांतून हात घातला आणि ओढलं. फांदी अलगद वर आली. खाली मूळ नव्हतंच. चाकूनं तिरकी कापलेली फांदी.

डफडं थांबलं.

"एक नंबर," कांताबाईंनी पुकारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "एक नंबर गैरहजर. सत्तर नाई ताई, एकोणसत्तर लिहा."

"काय वं कांते!" त्यांच्याच गटातली एक बाई रडवेली होऊन म्हणाली. "काहून सांगितलं? सही त झाली असती!"

"मंग? मेलेल्यानं हजर म्हटलं त त्याच्या जागी नवं कोण लावीन? खड्डा भरलेलाच दिसन ना जन्मभर." त्यांनी ती फांदी खाली टाकली. "दोन वर्सं मी किल्ली मागून राह्यली. रोज समोरून घागर नेतो, अन् ह्या एकाच झाडाले पाणी टाकता येत नाई. कुलूप!"

सगळ्यांच्या माना देवीदासभाऊंकडं वळल्या. ते रुमालानं मान पुसत राहिले. मला वाटलं, आता हे नियमावर बोट ठेवणार. ठराव ठरावच असतो.

"दरवर्सी पाव्हणे येते," ते शेवटी जमिनीकडं बघत म्हणाले. "पहिल्याच साली वाळलं होतं ते. मग फोटोसाठी फांदी खोचतो. किल्ली... किल्ली मोटारसायकलच्या किल्लीसंगच असते." त्यांनी खिशातून जुडगा काढला. एकेक किल्ली चाचपत बराच वेळ घालवला. मग एक सोडवून कांताबाईंपुढं धरली. "शंभरात एक झाड पंचायतीकडं होतं. तेच मेलं. नव्व्याण्णव गटाकडं होते, त्यातले एकोणसत्तर जगले. आमच्या गैरहजेरीची शिक्षा गटाले कायले? भजनी मंडळ, बोला."

भजनी मंडळाचे म्हातारबुवा पारापासून हाकेच्या अंतरावरच्या फलकाच्या सावलीत बकऱ्यांशेजारी बसले होते. तिथूनच ओरडले, "आमाले मंडप सावलीसाठीच पायजे होता बावा! लाव तिथं चिंचा, खाली बसून म्हणू भजन."

ठरावात दुरुस्ती झाली. जागा गटाकडं राहिली. शुद्धलेखन मी तपासलं. जावयांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि विचारलं, "पुढच्या हप्त्यात मॅडम टाकळीले त नाई येणार ना?" कांताबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि लगेच घागर उचलली. पिंजऱ्यातल्या रिकाम्या खड्ड्याला त्यांनी पाणी घातलं. नवं रोप जुलैत लावणार, पण माती आतापासून ओली हवी म्हणाल्या.

परतीच्या एसटीत जांभूळ माझ्या मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "लगेज लागन."

"हे माझं पालकत्व आहे," मी म्हणाले.

"मंग हाफ तिकीट," तो म्हणाला, आणि हसत पुढं गेला.

साताऱ्याच्या गच्चीत मी ते कुंडीत लावलं. दर रविवारी सकाळी कांताबाईंचा फोन येई. "एकशे एक?" आणि मी गच्चीतून ओरडे, "हजर!" शेजारी बघत राहायचे. मेच्या शेवटी लग्नाला म्हणून पाच दिवस कोल्हापूरला गेले, भावजयीला पाणी घाल म्हणायला विसरले, आणि परत आले तेव्हा कुंडीत काडी होती.

रविवारी फोन वाजला. काडी हातात घेऊन मी उभी होते. इथून सावळखेड कुठं, कुंडी कुणाला दिसतेय? हजर म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?

"एकशे एक?"

"गैरहजर," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "माझ्यामुळं गेलं हो, कांताबाई."

पलीकडं घागर जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"रडता काहून? कुंडीतली माती फेकू नका," त्या म्हणाल्या. "ओली ठेवा. दुसरं पाठवतो."