दारावरचा पोचा

हर्सूलला एक जुनी, स्वस्तातली गाडी बघायला गेलो होतो. विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. याच गाडीनं त्या रोज पिशोरच्या शाळेत जायच्या. मी बॉनेट उघडायच्या आतच त्यांनी पदर खोचला आणि एकेक खोट दाखवायला लागल्या: क्लच जड, एसी बंद, मागची काच अडकते. दारावरच्या पोच्यावर मात्र हात फिरवला. “हा शिकताना पडला. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी पहिली बाई मीच.”

मी लगेच भाव पाडायला लागलो. त्या ताठ झाल्या.

“खोट मी दाखवली भाऊ, तुम्हाला सापडली नाय. भाव तोच राहील.”

गाडी घेतली. क्लच, एसी, काच सगळं दुरुस्त केलं. गॅरेजवाला “पोचा काढू का?” म्हणतो, तेव्हा आता मी ताठ होतो.