आवक कारकुनाची वाढीव रजा

आमच्या आवक कारकुनाइतका रजेला भिणारा माणूस कर्जतपासून खोपोलीपर्यंत दुसरा झाला नसेल. खोपोलीच्या एका कारखान्याच्या कचेरीत ते आलेले कागद नोंदवीत आणि मी जाणारे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ते हळदीच्या हातांनी कामावर हजर झाले होते. कागद आला की त्यावर शिक्का मारून वेळ घालायची, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की दहिवलीला घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही आधी वेळ पडे आणि मग लग्न कोणाचं ते पाहिलं जाई.

अशा माणसाने मुलगी झाली म्हणून आठ दिवसांची रजा मागितली. त्यांची आधीची दोन मुलं सव्वा महिन्याच्या आतच गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. पण रजा संपली आणि त्यांच्याऐवजी अर्ज आला. युद्धामुळे कागदाची टंचाई, म्हणून उलटवलेल्या पाकिटावर लिहिलं होतं, 'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, सबब आठ दिवस रजा वाढवून मिळावी.' सुखरूप आहेत तर रजा कशाला, असं हेडक्लार्क म्हणाले. मी चिठ्ठी पाठवून सुचवलं की ताप-बीप लिहा. खोटा कागद मी घेत नाही आणि देतही नाही, असं उत्तर आलं. पुढच्या अर्जात 'मुलगी काल दोनदा शिंकली' असं कारण होतं, आणि त्याच्या पुढच्यात 'आज एकदाही शिंकली नाही, त्यामुळे काळजी वाटते.' तेव्हा मात्र साहेबांनी फर्मावलं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर नाव कमी करू.

रविवारी मी दहिवलीला गेलो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा त्यांच्या आईचा दंडक. म्हणून हे गृहस्थ नोकरी पणाला लावून बंद दाराबाहेर पाटावर बसले होते. आत जरा सामसूम झाली की दार ठोकून "आये, तिला जरा रडव गं" म्हणत, आणि नुकत्याच निजलेल्या नातीला उठवायला म्हातारी साफ नकार देई. मी हसत विचारलं, इथे बसून तुम्ही करता तरी काय?

"काय नाय रं," ते म्हणाले. "दोन्ही येळेला निरोप हापिसात आला. या खेपेला मी हितं हाय. अजून नऊ दिवस हायत."

सोमवारचा अर्ज मीच लिहिला, आणि कारण म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे घातले. हेडक्लार्कांनी तो दोनदा वाचला आणि स्वतः साहेबांपुढे नेला. बिनपगारी का होईना, रजा मंजूर झाली.

सव्वा महिना पुरा करून ते आले आणि काही घडलंच नाही अशा थाटात शिक्के मारू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई दारातूनच म्हणाला, दहिवलीहून माणूस निरोप घेऊन आलाय. त्यांचा हात शिक्क्यावरच राहिला. उठायचं सोडून ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मीच बाहेर गेलो. डबा घरी राहिला होता, एवढंच. तो आणून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ डब्यावर हात ठेवून बसून होते. पुढे ती मुलगी पाटी घेऊन शाळेत जाऊ लागली, तरी दहिवलीचा निरोप आला की बाहेर मीच जात असे.