ओटीत घातलेली पोर

आमच्या कुसुमावतीकाकूसमोर कोणी निघताना "जाते" म्हटलं की ती त्या माणसाला उंबऱ्यावरून परत बोलवायची. "जाते म्हनू नये. येते म्हनावं." पत्रं वाटणारा माणूस क्रिओल होता, मराठी नव्हता, त्यालासुद्धा तिने "येतो" म्हणायला शिकवलं होतं. मॉरिशसमधल्या आमच्या नुव्हेल फ्रांस गावातली पोरं मुद्दाम "काकू, जातो" म्हणून पळायची आणि ती हातातलं काम टाकून फाटकापर्यंत यायची. लहानपणी मीही तिला असं पळवलं आहे.

काकू म्हणजे माझ्या लक्ष्मणकाकांची बायको. काकांची भाजीची शेती होती आणि चुचूच्या वेलांच्या मांडवाखाली दोघांचा जन्म गेला. बाई ताठ. घरी आलेल्याला उपाशी जाऊ देणं तिला जमत नसे, आणि आपल्याला काही कमी आहे असं कबूल करणं तर मुळीच जमत नसे. चार मुलं होती. चौथी चंपा.

काकूची धाकटी बहीण इंद्राणी सत्तर साली नर्स व्हायला इंग्लंडला गेली. त्या काळी आमच्या बेटावरून कितीतरी मुली तशा गेल्या. तिथेच तिने आपल्यातल्या प्रेमचंदशी लग्न केलं, दोघं तिथले नागरिक झाले, घर घेतलं, पण मूल झालं नाही. अठ्ठ्याहत्तरमध्ये ती रजेवर आली तेव्हा काकूने तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटीत तांदूळ आणि नारळ घातला, आणि त्यावर चार वर्षांची चंपा उचलून ठेवली. इंद्राणीने मागितलं नव्हतं. लक्ष्मणकाका परसात जाऊन रडले, पण त्यांनी अडवलं नाही. बहिणीची ओटी रिकामी आणि आपल्या घरात चार, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं काकूचं म्हणणं.

ओटीत घातलेलं आमच्यात परत घेत नाहीत. त्या दिवसापासून चंपाने इंद्राणीला आई म्हणायचं आणि काकूला मावशी. हे काकूनेच शिकवलं. पोर चुकायची, काकू "मावशी म्हन" म्हणून दुरुस्त करायची, आणि मग मोरीत बसून घासलेली भांडी पुन्हा घासायची.

कोर्टातही रीतसर दत्तक झालं. सह्या झाल्या, कायद्याने चंपा इंद्राणीची मुलगी झाली. आई ब्रिटिश म्हणजे मुलगीही ब्रिटिश, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. वकील म्हणाला, "दत्तक इंग्लंडच्या कोर्टात झालं असतं तर गोष्ट वेगळी. इथल्या कोर्टाने तुम्हाला मुलगी दिली, मुलीला तुमचा देश दिला नाही." म्हणजे चंपा मॉरिशसचीच राहिली आणि तिला आईकडे जायलाही व्हिसा हवा होता. इंद्राणीची रजा संपली, ती पुढे गेली. पोर थोड्या दिवसांत मागून येणार होती.

व्हिसासाठी काकूला पोर्ट लुईच्या ब्रिटिश कचेरीत बोलावलं. मी व्हाकोआला शाळेत शिकवत होते, म्हणून सोबत मला नेलं. शिकलेलं माणूस बरोबर असलं म्हणजे काम होतं, अशी आमच्या लोकांची भाबडी समजूत. तिथे कळलं की नियम असा: जन्मदाते मुलाला सांभाळायला असमर्थ असतील तरच नात्यातलं दत्तक खरं धरायचं. नाहीतर ते इंग्लंडात शिरण्यासाठी काढलेली पळवाट समजायची.

साहेब इंग्रजीत विचारत होता, कचेरीतला दुभाषी ते इथल्या क्रिओल भाषेत सांगत होता; मराठीही त्याला कळायची. "मादाम, ही मुलगी तुम्हाला सांभाळता येत नव्हती. पा कापाव. बरोबर?"

पा कापाव म्हणजे जमत नाही. हे दोन शब्द ऐकून काकूचा चेहरा लाल झाला.

"कोन म्हनतो? मो कापाव. चार काय, आठ पोसीन. घरात भाजी हाय, गाय हाय, नवरा दारू पीत नाय. पोर जड झाली म्हनून नाय दिली मी. भैनीची ओटी खाली व्हती म्हनून दिली."

दुभाष्याने सगळं इमानदारीने सांगितलं आणि साहेबाने इमानदारीने लिहून घेतलं. नकार आला. काकूचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो. नकोसं झालेलं मूल त्या नियमाला चालत होतं. हवंहवंसं असताना दिलेलं मूल मात्र त्याला संशयास्पद वाटत होतं. ओटी म्हणजे काय हे त्या टेबलावर कोणी कसं समजावणार होतं?

मग वर्षं गेली. चंपा काकूच्याच घरात वाढली, तिच्याच कुशीत झोपली, आणि तिला मावशी म्हणत राहिली. शाळेत सही लागली की आईची आणा म्हणत, आणि आई समुद्रापलीकडे. दवाखान्यात, पासपोर्टच्या खिडकीवर, सगळीकडे तेच. पोटची पोर बोट धरून उभी, आणि कारकून विचारी, "तुम्ही मुलीच्या कोण?" काकू म्हणे, "मावशी." इंद्राणी तिकडे, आमच्या दुकानदाराच्या फोनवरून येणारा चंपाचा आवाज ऐकून रडे. तिच्याकडे मुलगी होती ती फक्त कागदावर, आणि काकूकडे कागद सोडून सगळं होतं. दोघींपैकी एकीलाही आई होता येत नव्हतं.

"कोर्टात जाऊन मोडून टाक ते दत्तक," लोक म्हणत. काकूचं उत्तर ठरलेलं असे. "ओटीतलं उचलून घेतात काय?"

चौऱ्याऐंशीमध्ये पुन्हा अर्ज केला. चंपा दहा वर्षांची झाली होती. अठरा उलटली की मूल म्हणून जाण्याचा रस्ताच बंद होणार होता. या वेळी घरादाराने काकूला पढवलं. लक्ष्मणकाका बोलायला कमी, तेही म्हणाले, "अगं, दोनच शबुद हायत. पा कापाव. म्हनून टाक."

साहेब दुसरा होता, वयस्क. चंपा काकूला खेटून बसली होती. दुभाष्याने तोच प्रश्न विचारला आणि काकू मान खाली घालून म्हणाली, "पा कापाव."

साहेबाने जुने कागद उलटले. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, आठ मुलंसुद्धा पोसेन. आता काय बदललं?"

हे आम्ही कोणी पढवलं नव्हतं. मी टेबलाखाली ओढणी पिळत बसले.

"पोसायला कापाव," काकू म्हणाली. "आजबी कापाव. पन ही माज्या घरात ऱ्हाते, माज्याजवळ निजते, नि मला मावशी म्हनते. ताप आला तरी मावशीच म्हनते. दिली तवा वाटलं, दिली म्हंजे गेली. तुमी नेऊ देत नाय, नि माजी म्हनायला मला तोंड नाय. त्ये पा कापाव, साहेब. आता नाय व्हत."

दुभाष्याने चष्मा काढला, पुसला, आणि मग हळूहळू इंग्रजीत सांगितलं. चंपा जमिनीकडे बघत होती. आमच्या इतर पोरांसारखी ती क्रिओलच बोले; मराठी बोलता कमी यायचं, पण समजायचं सगळं.

व्हिसा आला. कोणत्या कलमात बसवला देव जाणे. कौटुंबिक परिस्थिती बघून नियम सैल करण्याची थोडी मुभा अधिकाऱ्याला असते म्हणतात, आणि त्या माणसाने ती वापरली असावी. मी त्याला मनातून अनेकदा दुवा दिला आहे.

प्लेझान्सच्या विमानतळावर सगळं गणगोत जमलं होतं. इंद्राणी न्यायला आली होती. ती एका बाजूला उभी राहिली, पुढे यायचं धाडस तिला होईना. चंपाने सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. शेवटी काकूपुढे वाकली आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, जाते."

आम्ही सगळे थांबलो. लक्ष्मणकाकांनीही बायकोकडे पाहिलं.

काकूने चंपाच्या फ्रॉकची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा."