अमेरिकेच्या ठिपक्याला मढीचं जातं

अमेरिकेहून विमानाने आलेल्या यंत्रावर मी भातुकलीतलं जातं बसवलं.

ताप नव्हता. नशापाणी नव्हतं. भरदिवसा, पोटात दोन भाकऱ्या असताना, आपण काहीतरी फार हुशारीचं काम करतो आहोत अशा ठाम समजुतीने बसवलं. (माझे आजवरचे सगळे घोटाळे याच समजुतीत झालेले आहेत!)

यंत्र माझ्या मेहुण्याचं, विलासचं. तो अमेरिकेत शिकायला गेला, तिथंच नोकरीला चिकटला आणि त्र्याहत्तर साली पहिल्यांदाच रजेवर आला. रजेचा शेवटचा आठवडा आमच्याकडे, भिंगारला. मी तिथं लष्कराच्या एका कचेरीत कारकून होतो. लेकाला निरोप द्यायला माझ्या सासूबाईही पाथर्डीहून आल्या होत्या. त्यांना मी मामी म्हणतो.

आल्या खऱ्या, पण लेकाशी एक शब्द बोलत नव्हत्या! मामींनी तिसगावची एक मुलगी पाहून ठेवली होती आणि विलास म्हणाला होता, "आत्ता नको. दोन वर्षांनी बघू." झालं. मामींनी अबोला धरला. तोही असा, की समोरच ताटावर बसलेल्या लेकाला निरोप माझ्यामार्फत!

"जावईबापू, इचारा त्येला, भाकर वाढू का?"

"विलास, भाकर वाढू का?"

"अर्धी म्हणावं."

"मामी, अर्धी म्हणतोय."

"आमी काय भैऱ्या हाय व्हय? आयकलं!"

रविवारी विलासची गाडी होती. आई बोलल्याशिवाय पोरगा सातासमुद्रापार जाणार म्हणून माझी बायको सुमन चुलीपुढे डोळे पुसत होती. विलास वरवर हसत होता, पण जेवत अर्धीच भाकर होता.

तर, त्याने आणलेलं ते यंत्र. एक पांढरी पेटी, तिला वायरीने जोडलेल्या दोन डब्या. प्रत्येक डबीच्या उजव्या अंगाला सुपारीएवढं गोल बटण. (डाव्या अंगालाही एक होतं. ते कशासाठी हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.) विलास म्हणाला, "ही पेटी टीव्हीला जोडायची. बटण फिरवलं की टीव्हीत एक उजेडाचा ठोकळा वरखाली होतो. समोरून ठिपका येतो, तो ठोकळ्याने परतवायचा. चेंडूफळीच म्हणा ना, दाजी!"

"टीव्ही कुठाय?" मी विचारलं.

विलासने घरभर पाहिलं. "मला वाटलं, एवढ्या वर्षांत नगरला आला असेल."

नगरला टीव्ही तर नव्हताच, पण ज्यांनी पाहिला ते लोकही नव्हते. तरी यंत्र हाती आलेलं, ठेवून कसं देणार? मग आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बटणं फिरवायचा सराव सुरू केला! आणि पहिल्याच संध्याकाळी मूळ वाद उभा राहिला: डबी धरायची कशी?

विलास ती मांडीवर ठेवून दोन्ही बाजूंनी अलगद धरायचा. सुमनने सुपासारखी धरली आणि सवयीने पाखडलीसुद्धा! शेजारचे कोंडीबा एसटीवर ड्रायव्हर. त्यांनी डबी पोटाशी घेतली, कोपरं बाहेर काढली आणि घाट चढायला लागले.

"बरं हाय," ते म्हणाले, "पर हारन कुठाय ह्येला?"

मी रेडिओ लावणारा माणूस. दोन बोटांनी बटण चिमटीत धरून डबीला कान लावायचो. विलास म्हणायचा, "दाजी, ऐकायचं नाही, बघायचं!" पण मला चिमटीशिवाय जमेना, आणि माझ्या चिमटीला डोक्याचं खोबरेल तेल. बटण सटासट निसटायचं.

मामी कोपऱ्यात शेंगा फोडत हे पाहत होत्या. "जावईबापू, इचारा त्येला, तिकडं समदी मानसं ह्येच करीत्यात का?"

टीव्हीचा प्रश्न आमच्या मेजरसाहेबांनी सोडवला. साहेब दिल्लीहून बदलून आलेले, आणि येताना टीव्ही घेऊन आलेले! इथं त्यावर काय दिसणार? पण साहेब दर रविवारी तो पुसत, चालू करत, पडद्यावरच्या मुंग्या पाहत आणि उसासा टाकून बंद करत. एरवी त्यावर क्रोशाचं झाकण आणि एक प्लास्टरचा पोपट असे. मी यंत्राचं नाव काढताच साहेब खुर्चीतून उठले. "ले आओ भाई! शनिवार को! सबको लाओ!"

मीही कचेरीभर सांगून टाकलं, की शनिवारी साहेबांच्या बंगल्यावर मी अमेरिकेशी खेळणार आहे.

शनिवारी सकाळी विलास अंघोळीला गेला आणि मी शेवटचा सराव करायला बसलो. चिमूट जरा जोरात धरली. बटण उपटलं, टणकन उडालं, घरंगळत मोरीत गेलं आणि... नाहीसं झालं! डबीला उरली नुसती एक बारीक दांडी. मोरीत हात घातला, काडी घातली, सुमनची उलथणी घातली. बटण गेलं ते गेलंच.

आता दुसरा शहाणा माणूस मेहुण्याला सांगून मोकळा झाला असता. मी विचार करायला लागलो! आपल्याकडे हाताने फिरवायची सगळ्यांत सोयीची वस्तू कोणती? जातं! खुंटा धरला की बाया दोन पायल्या दळतात, हात निसटत नाही. मग अमेरिकेच्या लोकांना हे सुचलं कसं नाही?

कपाटावर सुमनच्या लहानपणची भातुकली होती. त्यातल्या लाकडी जात्याची वरची तळी काढली. मधोमध भोक होतंच. दांडीभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तळी ठोकून बसवली. कडेला बोटाएवढा खुंटा. फिरवून पाहिला. वा! काय पकड! मी यंत्र फडक्यात गुंडाळलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

बंगल्यावर साहेबांनी पोपट स्वतःच्या हाताने उतरवला. विलासने पेटी जोडली, मग डब्यांवरचं फडकं काढलं आणि तसाच थांबला.

"दाजी, बटण कुठाय?"

"मोरीत."

"आणि हे काय आहे?"

"सुधारणा."

विलास काही बोलणार, तेवढ्यात टीव्ही तापला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

काळ्याभोर काचेत दोन पांढरे ठोकळे उभे होते आणि त्यांच्या मधून एक ठिपका चालला होता. आवाज नाही, दोरी नाही, कुणी ढकलत नाही. हळूच या टोकाला, हळूच त्या टोकाला. शुक्राची चांदणी कुणीतरी दिवाणखान्यात आणून सोडावी तशी! विलासने आपल्या डबीचं बटण जरासं फिरवलं आणि तिकडे, काचेच्या आत, उजेड उचलला गेला. हाताने! कोंडीबांनी टोपी काढली. मामींनी नकळत हात जोडले. आणि मेजरसाहेब, लढाई पाहिलेला तो माणूस, पडद्याशी जाऊन लहान मुलासारखे काचेला बोट लावून उभे राहिले. मुंग्यांच्या जागी पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

मी आजवर बरंच काही पाहिलं. पण तो ठिपका मला अजून दिसतो.

मग माझी पाळी आली.

मी डबी मांडीवर घेतली. वजनाने ती एका अंगाला कलंडली. सावरायला खुंटा धरला, तर माझा ठोकळा सरळ पडद्याच्या छपरातून वर निघून गेला! "खाली, दाजी, खाली!" मी खाली ओढला, तो जमिनीतून पाताळात. डबी काखेत घेतली. गुडघ्यात धरली. शेवटी तर पालथा पडलो. ठिपका यायचा, मी दिसत नाही हे पाहून निघून जायचा. माझ्या कचेरीचे साहेब हे सगळं पाहत होते!

"उठा," मागून आवाज आला. "उठा तुमी. दळनाला असं बसत्यात व्हय?"

मामी! पदर खोचून त्या गालिच्यावर आल्या. एक पाय लांब, एक पाय दुमडलेला. डबी डाव्या अंगावर उभी केली, जातं वर आलं. मग खुंट्याकडे पाहून थबकल्या.

"सुमे, ह्ये तर मढीच्या जत्रंतलं!"

"तेच गं आई. ह्यांनी बसवलं."

मामींनी खुंटा धरला आणि अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असा फिरवला. काचेतला ठोकळा वर गेला, खाली आला. मामींचा हात एकदम थांबला. "आगं बया!" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हातानं!"

पण एक अडचण होती. खुंट्याबरोबर खालची डबीही गरगर फिरायची. "कुनीतरी बूड धरा ह्येचं," मामी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. मी झेपावलो.

"तुमी नगं! तुमी लांब ऱ्हावा." ठिपका येत होता. जवळ आला. आता निसटणार! आणि मामी ओरडल्या, "इलास! धर की रं! बघतुस काय?"

विलास आपली डबी टाकून आईच्या समोर मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी त्याने बूड गच्च धरलं. ठिपका ठोकळ्यावर आपटून परत फिरला.

"ल्हानपनी बी तूच धरायचास," मामी म्हणाल्या. "सुमी दळायची अन् तू खालची तळी धरायचास. हालकं हुतं ना, जाग्यावर ऱ्हायचं न्हाई."

"आई, वर घे. वर!"

"दिसतंय मला. दोन वर्सांनी येशील का नक्की?"

"येईन."

"खाली... खाली... हां! अन् पोरगी बघशील?"

"बघेन गं. आई, ठिपका!"

"ठिपक्याचं मी बघती. तू नीट धर!"

एवढ्यात माझ्या हातात विलासची सोडलेली डबी आली होती, म्हणजे विरुद्ध बाजूने मी खेळत होतो. तिचं बटण शाबूत होतं, तरी निकाल सांगत नाही. मायलेक जिंकले, साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मी एकदाही ठिपक्याला लागलो नाही.

रविवारी नगरच्या स्टँडवर मामी लेकाशी इतक्या बोलल्या, की कंडक्टरला दोनदा घंटी मारावी लागली. गाडी हलताना विलास खिडकीतून म्हणाला, "दाजी, यंत्र तुमच्याकडेच राहू दे!"

माझी छाती फुगली. मी मामींना म्हणालो, "बघा मामी, मी जातं बसवलं म्हणून तुमचा अबोला सुटला. आणि यंत्रही कुणाच्या हाती दिलं? माझ्या!"

मामींनी डोळ्याला लावलेला पदर काढला आणि माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"सुमे, त्ये तूच ठिव गं बाई. ह्येंच्या हातात काय धरायचं त्येच ह्येंना कळत न्हाई. लग्नात तुजा हात धरा म्हनलं, तर भटजीचा धरून बसलं हुतं!"