टोपलीवर फोडलेलं खापर

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं डोकं लहान आहे. तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या बहिणीच्या सासरच्या गावाने याचं कारण बसल्या जागी ठरवून टाकलं होतं: पोटुशी असताना ती माशांची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायची, त्या ओझ्याने बाळाचं डोकं दबलं. आईच्या डोक्यावरचं ओझं बाळाच्या डोक्यावर कसं जातं, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यातली गंमत पाहा. ती टोपली तिच्या डोक्यावर दिली कुणी? सासूने. आणि सासू कोण, तर आमच्या वडिलांची सख्खी बहीण, आमची आत्या. आमच्या घरात आत्याच्या मुलाने मामाची मुलगी करायची ही रीतच. मी शिकायला मुंबईला गेले म्हणून सुटले, बहीण सापडली. आत्याने स्वतः चारही वेळा पोटुशी असताना टोपल्या वाहिल्या होत्या आणि तिच्या चारही पोरांची डोकी नारळासारखी मोठी. पण हा हिशोब गावात कुणालाच सुचला नाही. कुणी फारच विचारी असला तर तो कारखान्यांच्या धुराकडे बोट दाखवायचा. बाकीचे टोपलीवर खूश होते.

मी पालघरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी अशी डोकी लहान का राहतात नेमकं हेच पाहत होते. पेशीत सेंट्रिओल नावाची दोन बारीक नळकांडी असतात. पेशीचे दोन भाग व्हायच्या आधी प्रत्येक जुन्या नळकांड्याशेजारी एक नवं उभं राहावं लागतं. एकच, जास्त नाही आणि कमी नाही. किती उभी करायची ते एक प्रथिन ठरवतं. दुसरं प्रथिन नळकांड्याच्या तळाशी चाक मांडतं, त्याला नऊ आरे. तिसरं लांबी किती ते बघतं. एकाने कामात कसूर केली की नळकांडं नीट होत नाही आणि विभाजन रखडतं. बाकीचं शरीर कसंबसं निभावून नेतं. पण गर्भात मेंदूच्या पेशी भराभर वाढायच्या असतात, त्यांना हा उशीर सोसत नाही. मेंदू लहान राहतो, म्हणून डोकं लहान राहतं. वर्षानुवर्षं हे मी फळ्यावर काढत आले होते. ते माझ्याच भाचीच्या रूपाने मांडीवर येऊन बसेल असं मनात आलं नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं. बहिणीत आणि तिच्या नवऱ्यात, दोघांतही, लांबी बघणाऱ्या त्या प्रथिनाच्या जनुकात एकाच जागी एकच चूक निघाली. माणसाला त्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तर दुसरी काम भागवते, माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. भाचीला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. मी माझंही रक्त दिलं, माझ्यातही ती चूक आहे. माझा नवरा नात्याबाहेरचा, म्हणून माझी मुलं धडधाकट. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

हे मी बहिणीला समजावलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घरात सांगून काय उपयोग नाय, ताई." आणि पंधरवड्याने तिचा फोन आला. आत्या आमच्या मधल्या काकांकडे जाऊन आली होती. बहिणीला मुलीसकट माहेरी पाठवायचं आणि काकांची मुलगी सून करून आणायची, असं तिचं ठरत आलं होतं. म्हणजे तीच विहीर, फक्त पोहरा दुसरा. मी त्या दिवशीचे तास सोडले आणि बोईसरहून रिक्षा करून गाव गाठलं.

अंगणात बोंबील वाळवायच्या वलांड्या, बांबूंना ताणलेल्या दोऱ्या, भरलेल्या होत्या. बहीण दोऱ्यांवर बोंबील अडकवत होती, मुलगी तिच्या कडेवर. तिचा नवरा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता आणि मला बघून त्याने मान आणखी खाली घातली. तीस वर्षांचा बाप्या, पण आईसमोर तोंडाला कुलूप. आत्या म्हणाली, "ये बाय, बस. तूच सांग आता, माज्या पोराचा वंश बुडवायचा का?"

मी तिथलीच टोपली उचलून उलटी केली. म्हटलं, "आत्या, ही विणताना तळाच्या कामट्या चुकीच्या मांडल्या तर पुढे कितीही विणलं तरी टोपली उभी राहील का?"

"नाय राहायची."

"या मुलीच्या तळाच्याच कामट्या चुकल्यात. अर्धी चूक माझ्या बहिणीकडून आली, अर्धी तुझ्या मुलाकडून. दोघांची चूक एकाच जागची आहे, म्हणजे ती एकाच घरातून आली. आमच्या वडिलांकडून बहिणीत आणि तुझ्याकडून तुझ्या मुलात."

आत्याचा चेहरा उतरला. "माज्याकडून? मला काय धाड भरलीय?"

"तुला काही झालेलं नाही, मलाही नाही. पण काकांच्या मुलीतही तीच चूक असू शकते. मग पुन्हा असंच मूल झालं तर तिलाही हाकलणार?"

मला वाटलं होतं, आता तरी तिला पटेल. पदराने तोंड पुसून ती शांतपणे म्हणाली, "मग बाहेरची आणू."

एवढं सगळं ऐकून बाईने त्यातून काढलं काय, तर सून बदलायची ती जरा लांबून बघून बदलायची. मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याची सुई जाळ्यात तशीच चालत होती. त्या क्षणी मला त्याचा आत्यापेक्षाही जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बहिणीने हातातला बोंबील दोरीला लावला. कडेवरची मुलगी घेऊन ती आली. त्या मुलीला आत्याने कधीच मांडीवर घेतलं नव्हतं, दोष लागेल म्हणून की काय कोण जाणे. बहिणीने तिला सरळ आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"कोणाला आणायची तिला आण, मी हितून हलणार नाय," ती म्हणाली. "आणि हिला धर. माजी एका बाजूने हाय, तुजी दोन्ही बाजूंनी हाय, पोराकडून आणि भावाकडून."

मग ती वलांडीकडे परत गेली.